सणाचा पगार सणाआधी मिळावा

महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर उजाडला की फिलिपिन्समधल्या दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात, ही बातमी दर वर्षी गमतीचा मजकूर म्हणून छापून येते आणि ‘चार महिने सण करणारे हौशी लोक’ एवढीच त्या देशाची ओळख करून देऊन संपते. सण तिथे लांबतो हे खरेच आहे. जानेवारीत तीन राजांचा (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचा) सण होईपर्यंत, आणि सेबूसारख्या शहरात तर त्याही पुढे सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, उत्सवापर्यंत, नाताळचे वातावरण ओसरत नाही. परंतु या सणाची बरीचशी आखणी राबणाऱ्या माणसाची वेळ आणि त्याचा खिसा पाहून झालेली आहे, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते, आणि सोलापूरसारख्या कामगारांच्या शहराने नेमकी तीच ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिथे 16 ते 24 डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे ‘सिंबांग गाबी’ची प्रार्थना होते. दिवसभर भातशेतीत राबलेला शेतकरी संध्याकाळी चर्चमध्ये थकून येणार, त्यापेक्षा तो कामावर निघण्याआधीच प्रार्थना आटोपावी, असा विचार स्पॅनिश अमदानीतील धर्मगुरूंनी केला, असे या प्रथेचे कारण परंपरेने सांगितले जाते. कार्तिकातल्या काकड आरतीला जाणाऱ्यांना त्या पहाटेची कल्पना सहज येईल. प्रार्थना संपवून बाहेर पडावे तो चर्चच्या दारातच न्याहारी तयार असते. मातीच्या भांड्यात केळीचे पान अंथरून त्यात तांदळाचे पीठ ओततात, खाली निखारे, वर झाकणावरही निखारे ठेवतात आणि दोन्हीकडून शेकून ‘बिबिंका’ फुलवतात. शेजारी बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळट चिकट तांदूळ पानावर काढून त्यावर लोणी, खोवलेले खोबरे आणि गुळासारखी तपकिरी साखर घालून देतात. आता शहरांत ज्यांना पहाट जमत नाही, त्यांच्यासाठी अनेक चर्चमध्ये हीच प्रार्थना आदल्या संध्याकाळीही होते.

परदेशी नोकरीला गेलेल्यांचाही असाच विचार झालेला आहे. आखातात, हाँगकाँगमध्ये किंवा जहाजावर काम करणारी फिलिपिनो माणसे साबण, चॉकलेट, बूट, टॉवेल असे सामान जमेल तसे एका मोठ्या खोक्यात साठवत जातात आणि नाताळच्या बऱ्याच आधी ते बोटीने घरी रवाना करतात. अशा खोक्यांतील दीड लाख पेसोंपर्यंतच्या (पेसो हे तिथले चलन) सामानाला सीमाशुल्कात सवलत देण्याची तरतूद 2016 च्या कायद्यात आहे.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिथला तेरावा पगार. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी 1975 मध्ये हुकूम काढून, वर्षभरात मिळालेल्या मूळ वेतनाचा बारावा भाग 24 डिसेंबरपर्यंत कामगाराच्या हाती पडलाच पाहिजे, असे बंधन मालकांवर घातले. (त्या काळात देशात लष्करी कायदा होता, त्यामुळे मार्कोस यांचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही.) सुरुवातीला महिना हजार पेसोंपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच हा लाभ होता, 1986 मध्ये ती मर्यादा काढण्यात आली. वर्षात महिनाभर काम केले असले तरी त्या प्रमाणात रक्कम मिळते, नगावर मजुरी घेणाराही त्यातून वगळला जात नाही, आणि 2013 च्या कायद्याने घरकाम करणाऱ्या बायकांनाही हा हक्क मिळाला आहे.

आपल्याकडे बोनसचा कायदा नाही असे नाही. किमान 8.33 टक्के, म्हणजे हिशेबाने तोच बारावा भाग, आपल्या कायद्यातही आहे. परंतु तो सर्वसाधारणपणे वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो, आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत मालकाला मिळते. मार्चअखेर वर्ष संपले की ही मुदत नोव्हेंबरच्या शेवटी सरते, तोवर दिवाळी बहुधा होऊन गेलेली असते. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब मी अनेक वर्षे लिहिले आहेत. चार-सहा मागांच्या कारखान्यात कायद्याला कोणी विचारत नाही. धनत्रयोदशीच्या रात्री मालकाच्या टेबलासमोर कामगार उभे राहतात, वर्षभराची उचल वळती होते आणि पाकिटात जे उरते ते घेऊन माणूस नवी पेठेत पोहोचतो तेव्हा दुकानदार शटर ओढत असतो. चांगले मालक नाहीत असे मी म्हणणार नाही. काही जण दसऱ्यालाच रक्कम चुकती करतात. पण मालक चांगला निघाला तर दिवाळी चांगली, ही व्यवस्था नव्हे.

दिवाळीला अजून अवधी आहे. यंत्रमागधारकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी आताच एकत्र बसून, कारखाना लहान असो वा मोठा, वसुबारसेच्या आठ दिवस आधी बोनस हाती पडेल आणि त्यातून उचल कापली जाणार नाही, एवढे दोन मुद्दे तरी लेखी ठरवावेत. सहायक कामगार आयुक्त कार्यालयाने त्यासाठी बैठक बोलावली तर काम सोपे होईल. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी अशी बैठक कोणी बोलावणार नाही. तिथे आपण गृहस्थांनीच महिन्याचा एक जादा पगार द्यायचा आहे, जुनी साडी आणि फराळाचा डबा त्या पगारात न धरता.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
सोलापूर