सौर अनुदानात बॅटरीलाही स्थान हवे

महोदय,

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेमुळे विदर्भात छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली, ही समाधानाची बाब आहे. मात्र वीज गेली की सौर पॅनेल असलेल्या घरातही अंधारच होतो, हे अनेक ग्राहकांना पैसे भरून झाल्यावर कळते. महावितरणच्या वाहिनीशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर पुरवठा थांबताच बंद पडतो, आणि तसे होणे आवश्यकच आहे, अन्यथा दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. यावर उपाय घरातल्या साठवणुकीचा; परंतु योजनेतील कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवरच मिळते, बॅटरीचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

हे धोरण बदलण्याची वेळ आली आहे, आणि ते बदलताना लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीचा विचार आताच व्हावा. गाडीसाठी या बॅटरीचे जादा वजन अडचणीचे ठरते. जिन्याखाली एका जागी राहणाऱ्या बॅटरीच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. सोडियम मुबलक आहे, तर लिथियमसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत. लिथियम-आयन बॅटरीत एका ध्रुवासाठी तांब्याची पत्री लागते, सोडियममध्ये दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम चालते. शिवाय सोडियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी करूनही सुरक्षितपणे ने-आण करता येते. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या किती लवकर माना टाकतात, हे इथल्या प्रत्येक इन्व्हर्टरधारकाला ठाऊक आहे. त्यामुळे उष्णता अधिक चांगली सोसू शकणाऱ्या पर्यायाचे आम्हाला विशेष अगत्य आहे.

अर्थात, उद्याच दुकानात जाऊन ती घ्यावी, असे मी कोणाला सुचवणार नाही. २०२२च्या अखेरीस शिखरावर पोहोचलेले लिथियमचे भाव त्यानंतर इतके कोसळले, की सोडियमच्या स्वस्ताईचा मुद्दा तूर्त लंगडा पडला. अमेरिकेतील नॅट्रॉन एनर्जी ही सोडियम-आयन कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये बंदही पडली. चार्ज उतरताना या बॅटरीचा व्होल्टेज लिथियम-फॉस्फेट या लिथियम-आयनच्याच एका प्रकारापेक्षा बराच अधिक खाली येतो, म्हणून तो पल्ला पेलणारा इन्व्हर्टर नसेल तर साठवलेल्या विजेचा काही भाग वापरताच येणार नाही. विक्रेते ही गोष्ट आपणहून सांगतील, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच अनुदान बॅटरीच्या रसायनाच्या नावावर देऊ नये. प्रत्यक्ष वापरता येणारे युनिट, हमी दिलेली चार्जिंगची आवर्तने आणि ४५ अंश तापमानातील कामगिरी या कसोट्यांवर ते द्यावे. लिथियम-आयनवर १८ टक्के आणि इतर बॅटऱ्यांवर २८ टक्के जीएसटी, हा भेद सप्टेंबर २०२५ मध्ये दूर झाला. अनुदानाच्या नियमांत तो मागच्या दाराने परत येऊ नये.

पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथीलच ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले होते. हे ज्ञान राज्यातच उपलब्ध असताना महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने विदर्भातील काही आश्रमशाळा आणि आरोग्य उपकेंद्रांत सोडियम व लिथियम या दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या शेजारी शेजारी बसवाव्यात, एप्रिल ते जून त्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या जशाच्या तशा संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात.

— एक निवृत्त विद्युत अभियंता, अकोला