चष्मा सुटण्याआधी

कोल्हापूर

चि. ओंकारस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, ऑपरेशन करून डोळ्यात बसवायची लेन्स कुठलीही घेतली तरी लेन्स ती लेन्सच, स्वस्तातली बघतो." तेव्हापासून चैन नाही. तू सात वर्षांचा असताना पंचगंगेच्या घाटावर चष्मा माझ्या हातात देऊन पाण्यात उतरलास आणि वर आल्यावर भलत्याच बाईचा पदर धरून "आई" म्हणालास. तो चष्मा सुटावा असं मलाही वाटतं.

तुझ्या उणे १३ नंबरला लेसरने कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, फार तासावा लागतो, म्हणून डॉक्टर लेन्स सुचवतात, हे बरोबरच आहे. पण त्यात फरक आहे. एक कडक प्लास्टिकची, डोळ्याच्या रंगीत पडद्याला चिमट्यासारखी पकडणारी. तिला ५-६ मिलिमीटरची चीर लागते आणि टाकेही पडतात. दुसरी आयसीएल. ती घडी करून साधारण ३ मिलिमीटरच्या चिरेतून पडद्यामागे, आपल्या मूळ भिंगाच्या पुढे बसवतात. नव्या आयसीएलला मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून डोळ्यातलं पाणी खेळतं. पूर्वी त्यासाठी पडद्याला लेसरने वेगळी भोकं पाडावी लागत. भारतात बनणारी आयपीसीएलही त्याच जागी बसते आणि कमी पैशात होते. तिला माझी ना नाही.

माझा जीव अडकलाय तो मापात. लेन्स मोठी झाली तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, लहान झाली तर मूळ भिंगाला टेकून मोतीबिंदू होऊ शकतो. ब्लाऊज अर्धा इंच चुकला तर मी उसवून देते. लेन्सही काढून बदलता येते, पण त्यासाठी डोळा पुन्हा उघडायचा ना रे! म्हणून किमतीआधी दोन आकडे विचार: पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्निया आणि मूळ भिंग यांच्यामधल्या जागेची, खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आहे का आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी किती आहेत. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. खोली कमी भरली तर चष्माच बरा, हट्ट करू नकोस. मापाआधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायच्या असतात, तेही विचारून घे.

आणि लेन्सने नंबर जातो, पण लांबट झालेला डोळा तसाच राहतो. डोळ्याच्या मागचा आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेलाच असतो, म्हणून ऑपरेशननंतरही दर वर्षी रेटिना तपासायचा. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं झालं किंवा काळी सावली आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पैशाची काळजी करू नकोस, बाबांनी भिशीचे बाजूला ठेवलेत. मापांचा कागद हातात आला की फोटो पाठव.

तुझी आई