पालक उदासीन? या की एकदा आमच्या गावात!

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पेपरात पहिल्याच पानावर ठळक छापलं तुम्ही, जि.प. शाळांचा पट घसरला, पालक उदासीन. वाचलं आन् डोकंच सणकलं. पोरगा-सून पुण्यात कंपनीत आहे, नातू माझ्यापाशी, म्हणजे तो उदासीन पालक मीच झालो ना?

आमच्या शाळेत पहिली ते चौथी 41 पोट्टे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 60 पोरांपर्यंत दोन मास्तर सांगितले, आन् कागदावर दोन आहेतच! त्यातले एक गुरुजी दोन वर्षं झाली तालुक्याले पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसून राहिले, पगार मात्र आमच्या शाळेच्या नावानं. त्याले प्रतिनियुक्ती म्हणतात म्हणे. निवडणूक, जनगणना, आपत्ती यातच मास्तर वापरा असं तोच कायदा म्हणतो, मंग टायपिंग कोणत्या आपत्तीत बसते? व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन तीनदा गेलो तं साहेब म्हणे, काका, तुमच्याकडं जागा रिक्तच नाही तं देऊ कुठून. बरोबर आहे बाप्पा, खुर्ची भरलेली आहे, फक्त ती 22 किलोमीटरवर ठेवली आहे.

मागच्या गुरुवारी नातू पाण्याची बाटली विसरला म्हणून द्यायले गेलो. फळ्यावर खडूनं चार खण पाडलेले, एकेका वर्गाले एक, चौथीचा खण कोरा. गुरुजी कुठं, तं शाळेच्या मागं कडुनिंबाखाली मोबाईल डोक्यावर धरून रेंज पाहून राहिले, आज किती पोरांनी खिचडी खाल्ली ते भरायचं होतं. खिचडी अजून चुलीवरच होती! आत चौथीतली एक पोरगी हातात पट्टी घेऊन पहिलीवाल्यांना पाढा म्हणवून राहिली, बे साते तेरा. सगळे एका सुरात, बे साते तेरा. मी दारातून चौदा म्हटलं तं पोट्टे माझ्याकडंच असे पाहून राहिले की जसा मीच चुकलो. त्या एकट्या गुरुजीवर माझा राग नाही, तो माणूस चार वर्ग, चार रजिस्टरं आन् वर ती ऑनलाइन माहिती, कुठं कुठं पुरेल.

यंदा सहा पोरं कान्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत बसली. उदासीन बाप वावर गहाण टाकून फी भरते का हो? आन् तुमच्या त्या बातमीच्या खालीच त्याच कान्व्हेंटची अर्ध्या पानाची जाहिरात, हे बेस जमवलं.

जाता जाता, सकाळची एसटी बंद झाल्यापासून तुमचा पेपर आमच्या फाट्यावर दुपारी बारानंतर येते. त्याचंही पाहा काही. पैसे मात्र महिन्याचे पूरे घेता.

एक उदासीन आजा, जि. यवतमाळ