लीड्सहून पत्र: "नॉट टू बॅड" म्हणजे नक्की किती दुखतंय?

राणी,

तुझा ओईटीचा, म्हणजे परदेशी नर्सिंगसाठीच्या इंग्लिश परीक्षेचा, अभ्यास जोरात चाललाय असं आई म्हणाली, म्हणून नाईट करून आल्या आल्या झोपायच्या आधीच लिहायला बसले, आईला पण वाचून दाखव. परीक्षा तू काढशील गं, मला काळजी वॉर्डातल्या इंग्लिशची आहे, ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

"यू ऑलराइट?" म्हणजे तब्येतीची चौकशी नाही, आपलं "काय, कसं काय?" तेवढंच, "ऑलराइट, यू?" म्हणायचं आणि कामाला लागायचं. इथे इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये "टी" म्हणजे बऱ्याच जणांचं संध्याकाळचं जेवण आणि "डिनर" म्हणजे दुपारचं. एक शुगरचे आजोबा मला म्हणाले अजून टी झाला नाही, मी लगेच चहा नेऊन दिला आणि ते बिचारे उपाशी, त्यात इन्शुलिनची वेळ झालेली, तेव्हापासून मी सरळ विचारते की पोटात अन्न काय गेलंय. "व्हाइल" जुनी माणसं "पर्यंत" म्हणून वापरतात, "नाइन व्हाइल फाइव्ह" म्हणजे नऊ ते पाच. म्हाताऱ्या बायका "स्पेंड अ पेनी" म्हणाल्या की त्यांना बाथरूमला न्यायचं, पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दाराला एक पेनी टाकावी लागायची त्यावरून आलंय ते. आणि हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना, कुणी पेशंट "व्हेरी पुअरली" आहे म्हणालं तर सर्दीताप समजू नकोस, पेशंट सिरीयस आहे, आधी तिकडे जा.

पण मला खरं सांगायचंय ते दुखण्याचं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, दुखतंय का विचारलं की हसून म्हणायच्या "नॉट टू बॅड, लव्ह, मस्टंट ग्रंबल", म्हणजे फार वाईट नाही, तक्रार कशाला करायची. मी शब्दाला शब्द धरून समजले की फार नाही, आणि चार्टवर दुखण्याचा आकडा 10 पैकी 2 लिहिला. मग बीपीचा पट्टा बांधताना लक्ष गेलं, त्यांनी पलंगाचा कठडा एवढा घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडलेली, चहा तसाच गार झालेला, आणि मी आल्यापासून त्या कुशीवर सुद्धा वळल्या नव्हत्या. म्हटलं जरा खोकून दाखवा. खोकता येईना. मग 0 ते 10 मध्ये किती असं परत नीट विचारलं तर हळूच म्हणाल्या आठ. डॉक्टरांना बोलावून औषध वाढवून घेतलं, तासाभरात डोळा लागला त्यांचा, पण तो 2 मला अजून टोचतो.

आपले अण्णा नाही का, मुतखड्याच्या वेळी बंडी घामाने चिंब आणि तोंडाने आपलं "बरंय, बरंय". ही माणसं अगदी तशीच आहेत बघ. "अ बिट सोअर" म्हणाले तर दुखतंय, "आय डोंट वॉन्ट टू बॉदर यू" म्हणाले तर बराच वेळ झाला बेल वाजवायची राहून गेलीय. उत्तर ऐकायचं पण नजर हातावर, कपाळावर ठेवायची, आणि चालताना, खोकताना किती दुखतं ते वेगळं विचारायचं, कारण पडून राहिल्यावर सगळ्यांचंच नॉट टू बॅड असतं.

शनिवारी व्हिडिओ कॉलला बस, मी आजी होते तू नर्स हो, मी काही केल्या दुखतंय म्हणणार नाही, तू माझ्याकडून काढून घ्यायचं. आईला शेजारी बसव, तिला अण्णांची सवय आहे.

तुझी,
ताई