लेकीला रायीत घेऊन ये

वाळपई, सत्तरी
भाद्रपद वद्य

प्रिय बायो,

परवा फोनवर तुझ्या लेकीनं विचारलं, "मावशी, गोव्यात जंगल असतं?" दारात कुणीतरी आलं होतं, म्हणून "असतं तर!" एवढंच म्हणून मी फोन ठेवला. पण तो प्रश्न मनातून जाईना. पोरीचा काय दोष? तिनं गोवा पाहिलाय तो कळंगुटचा आणि मे महिन्यात आजोळच्या चार दिवसांचा.

तिला तुमच्या डिचोलीच्या घरच्या माटोळीबद्दल सांग. गणपतीच्या डोक्यावर काय काय टांगलेलं असायचं! कवंडळाची लालभडक फळं, कांगोण्यांचे घोस, आंबाडे, तोरिंगणं. नारळ-सुपारी कुळागरातली, पण बाकीचं कितीतरी रानातून यायचं. बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका पहाटेच डोंगरातून उतरून आलेल्या असायच्या. जंगल तुझ्या घरात येत होतं गो, दर चवथीला.

यंदा चवथीच्या सुट्टीत मी सत्तरीतल्याच बांबर गावी जाऊन आले, निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत. आपण इतकी वर्षं एकमेकींना ओळखतो, पण तुला मी तिथं कधीच नेलं नाही याची मला आता खंत वाटते. बाहेर लख्ख ऊन होतं. रायीत पाऊल टाकलं आणि संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. पायाखाली जमीन नव्हतीच, घोट्यापर्यंत वाहतं पाणी होतं. गार, नितळ, खाली कुजलेल्या पानांचा तपकिरी थर. आणि त्या पाण्यातून जागोजागी मुळं वर आलेली. सरळ नव्हेत. वर येतात, वाकतात आणि परत चिखलात शिरतात, कुणी गुडघे मोडून बसावं तशी. मी एकावर हात ठेवला. साल खरखरीत, बारीक बारीक पुळ्या असल्यासारखी, ओली. ही झाडं जायफळाच्या गोतातली, रानटी जायफळं म्हण. पाणथळ चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती असे गुडघे वर काढून श्वास घेतात. फळ उकललं की आत जायपत्रीसारखंच लाल जाळीदार वेष्टण दिसतं. धनेश पक्षी ती फळं गिळतात आणि बी दूर नेऊन टाकतात.

तेवढ्यात एक पांढरं फुलपाखरू आलं. टिश्यू कागदाचा तुकडा वाऱ्यावर सोडावा तसं, पंख जेमतेम हलवत. मलबार ट्री निम्फ त्याचं नाव. पश्चिम घाटाबाहेर ते सापडत नाही, आणि या रानटी जायफळांच्या दलदलीवर त्याचा फार जीव. माझ्या डोक्यावरून दोन फेऱ्या मारून ते वर कुठंतरी गेलं. मी कितीतरी वेळ तशीच पाण्यात उभी होते.

आमची आजी सांगायची, देवाच्या रायीत कोयता न्यायचा नाही. पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, आणि अगदीच नडलं तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही तो. मूर्तीची गरजच काय तिथं? ही दलदल आजवर शिल्लक राहिली ती त्या धाकानं आणि त्या मायेनं. सरकारी कायदा फार नंतर आला.

कायद्याचीही गोष्ट तुला सांगते. 1999 साली गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जेकब, 1971 च्या ढाक्याच्या शरणागतीवेळचे. त्यांच्या त्या थोड्या काळात म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं जाहीर झाली. म्हादईचं क्षेत्र 208 चौरस किलोमीटर. खाली मोलेचं 240, त्यातलं 107 राष्ट्रीय उद्यान. नकाशावर बघशील तर चोर्ल्यापासून पार काणकोणात खोतीगावापर्यंत गोव्याच्या पूर्वेला हिरवा काठ घातल्यासारखा दिसतो. चिमूटभर राज्य आपलं, त्यात एवढं रान राखलं गेलं याचा मला अभिमान वाटतो.

पण राखणं सोपं नाही, बायो. जानेवारी 2020 मध्ये इथं सत्तरीत, गोळावलीच्या रानात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. त्या दिवसांत मला वर्गात शिकवायला सुचेना. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्याच रानाच्या कडेला राहतात. ज्याची गाय वाघानं नेली त्याच्या घरी चूल कशी पेटते हे मला दिसतं, आणि भरपाई वेळेवर हातात पडली नाही तर माणूस कसा कडवट होतो तेही. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करा म्हणून सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघाला ही जागा मिळायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, आणि माझ्या पोरांच्या आईबापांना विश्वासात घेऊन मिळायला हवी. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये म्हादईच्या रानाला आगी लागल्या होत्या. हेलिकॉप्टरनं पाणी मारावं लागलं. अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांना धुराचा वास यायचा.

आता खाली ये माझ्याबरोबर, पाण्याच्या वाटेनं. खानापूर तालुक्यात उगम पावते ती आपली म्हादई सत्तरीतून उतरते आणि पुढं मांडवी होते. मोलेच्या रानातून येणारी खांडेपार तिलाच मिळते. पणजीच्या नळाला ओपाच्या पाणीप्रकल्पातून येणारं पाणी हे या खांडेपारचं. पणजीत कुणी तांब्याभर पाणी प्यायलं तर त्यात मोलेचं रान असतंच.

रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला उतरलं की लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. 1988 साली झालेलं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपासचं, सगळं कांदळवन. मी गेल्या हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी होडीतून आत गेले होते. चिखल उघडा पडलेला, निवट्या मासे उड्या मारतायत, एक खंड्या फांदीवर टपून बसलेला. आणि त्या चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी तिवराची हजारो मुळं वर आलेली. ती आठवण बांबरला त्या गुडघ्यांवर हात ठेवला तेव्हा एकदम वर आली. वर गोड्या पाण्यात रानटी जायफळ, खाली खाऱ्या पाण्यात तिवर. दोघांनाही चिखलात गुदमरायला होतं, दोघंही मुळं बाहेर काढून श्वास घेतात, आणि दोघांच्या मधून तीच एक नदी वाहते.

होडीवाल्या काकांनी तिवराचं एक पान तोडून मला दिलं. म्हणाले, "चाटून बघ बाय." खारट! झाडानं शोषलेलं जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकलेलं, उन्हाकडे धरलं तर बारीक कण चमकत होते.

भरतीची ओढ या नदीत पार वर गांजे गावापर्यंत लागते. वरून गोडं पाणी उतरत राहतं तोवर खारं पाणी आपल्या जागी थांबतं. वरचं कमी झालं की ते वर सरकणार, मग खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतली भातं आणि काठच्या विहिरी, दोन्ही बिघडणार. म्हादईच्या पाण्यावरच्या तीन राज्यांच्या तंट्यात 2018 साली लवादानं वाटणी केली: गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. कोरडवाहू शेतकऱ्याची तहान मला कळते, तो कुठल्याही राज्याचा असो. पण पाणी एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्यात नेताना त्या राईतल्या गुडघ्यांना किती लागतं, हे कुणी मोजलं का, हा प्रश्न मला सुटत नाही.

तू डिसेंबरात यायचं म्हणतेस. नको. दिवाळीच्या सुट्टीत ये, पाणी असेपर्यंत. पहिले दोन दिवस माझ्याकडे. तांबडी सुर्लाला महादेवाच्या देवळाशी सकाळी लवकर जाऊ, गर्दी नसताना. काळ्या दगडाचं ते कदंबांच्या काळातलं देऊळ आणि शेजारून वाहणारा ओहोळ, तिथं फक्त बसायचं. मग बांबर. जुन्या चपला आण, पोरीला लांब बाह्यांचा सदरा घाल आणि जळवांसाठी थोडं मीठ बरोबर ठेव. तिसऱ्या दिवशी चोडण. ओहोटी कधी आहे ते मी आधी विचारून ठेवते, कारण भरतीत मुळं दिसत नाहीत.

तिवराच्या पानाचं मात्र लेकीला आधी सांगू नकोस. ते तिचं तिला चाटून बघू दे.

तुझीच,
वाळपयकारीण