स्प्रे बाळगा, पण कायदाही सांगा

महोदय,

स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवण्याचा सल्ला देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. सल्ला कळकळीचा आहे, पण शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलींसाठी तो अपुरा, किंबहुना धोक्याचा आहे. ब्रिटनमध्ये १९६८च्या शस्त्र कायद्यानुसार असा स्प्रे जवळ असणे हाच गुन्हा; तो वापरला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. १९५३च्या कायद्याने तर इजा करण्याच्या हेतूने बाळगलेली साधी वस्तूही हत्यार ठरते. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेली ती बोटाएवढी डबी कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि नेमकी तीच सामानातून सोबत जाते. कर्कश आवाजाचा अलार्म मात्र तिथे खुशाल बाळगता येतो. लेखात एवढे तरी यायला हवे होते.

– एक वाचक