पोलिओ चार टक्क्यांनी बरा झाला!

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

काल पुरवणीत दिव्यांगांच्या योजनांवरचा लेख वाचला. छान आहे, रंगीत चौकट तर फारच छान. यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पांढरी, पिवळी, निळी पट्टी कशासाठी तेसुद्धा दिलंत. फक्त अपंगत्वाचे टक्के कमी पडले तर काय, याला शेवटी एक ओळ, अपील करता येतं म्हणून. कोणाकडे, किती दिवसांत? जागा उरली नसेल.

माझ्या धाकट्या बहिणीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, उजवा पाय. आता 51 वर्षांची आहे. जुन्या कागदी सर्टिफिकेटवर 42 टक्के होते, त्यावर संजय गांधी निराधारचे पैसे यायचे. ऑक्टोबर 2025 पासून पंधराशेचे अडीच हजार होणार म्हणून आम्ही खूश, तेवढ्यात तहसीलमधून निरोप, यूडीआयडी आणा. टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे गेलो, डॉक्टरांनी पाय दोनदा वाकवला, टेप लावली, 38 टक्के! चाळीसच्या खाली म्हणजे पैसे बंद. पन्नास वर्षं जो पाय हलला नाही तो तीन मिनिटांत चार टक्के सुधारला, असा डॉक्टर आधी भेटला असता तर माझं लग्न तरी जमलं असतं (हे तिचं वाक्य आहे, माझं नाही).

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 आहे, पुतण्याने मोबाइलवर शोधून दिलं. अपील करता येतं, पण कोणाकडे ते राज्य सरकारने ठरवायचं. खिडकीवरचे साहेब म्हणाले असलं काही नसतं काका, नवीन अर्ज करा. म्हणजे परत तोच बोर्ड, तेच डॉक्टर, तीच टेप. बरं, पाय किती अंशात मोजला ते तरी दाखवा म्हटलं तर आरटीआय टाका म्हणे. 2024 च्या त्या आयएएस बाईंवर खोट्या दिव्यांग सर्टिफिकेटचा आरोप झाला तेव्हापासून तर सगळ्यांकडे चोर असल्यासारखंच बघतात. कार्ड मात्र घरपोच आलं हं, पांढऱ्या पट्टीचं, एकदम गुळगुळीत.

तर पुढच्या चौकटीत आपल्या जिल्ह्यात अपील कोण ऐकतं, कुठल्या खोलीत बसतो, एवढं छापा. आणि शब्दकोडं इतकं बारीक का केलंत? बहीण रोज सोडवते, आता भिंग घ्यावं लागतं. डोळ्यांचे दोन टक्के वेगळे धरतात का, तेही बोर्डात विचारून बघतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार